परीक्षार्थीच्या ताब्यातील मुलूख

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर येऊन ठेपलेली असताना, ११ मार्च २०२१ रोजी, कोरोनाच्या प्रादुर्भावाचे कारण देऊन ती पुन्हा एकदा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुण्याच्या नवी पेठेतील अभ्यासिकांतून शेकडो विद्यार्थी बाहेर पडले आणि शास्त्री रस्त्यावर येऊन बसले. पुढे ती परीक्षा २१ मार्च रोजी पार पडली, म्हणजे कागदावर पाहू गेल्यास १४ तारखेपासूनचा हा विलंब एका आठवड्याचा ठरला. परंतु त्या तरुणांचा जो संताप आणि जी व्याकुळता त्या दिवशी रस्त्यावर दिसली, तिचा हिशेब सात दिवसांत बसण्यासारखा नव्हता. गावाकडच्या जमिनीच्या उत्पन्नातून किंवा वडिलांच्या पगारातून आलेल्या पैशांवर खोलीचे भाडे, अभ्यासिकेचे शुल्क आणि मेसचे बिल भागवीत वर्षानुवर्षे केलेले श्रम आणि त्या श्रमांचे फळ यांतील दुवा आपल्या हातात नाही, तो दुसऱ्याच कोणाच्या दप्तरात आहे, ही जाणीव त्या व्याकुळतेच्या मुळाशी होती.

एखादे संकट किती जड आहे, हे त्याच्या आकारावरून जितके ठरते तितकेच, आपल्या कृतीने त्यात काही फरक पडतो की नाही याविषयी मनाने काय निर्णय दिला आहे यावरूनही ठरते, असे मानसशास्त्राला गेल्या सहा दशकांतील प्रयोगांच्या आधारे पुष्कळ खात्रीने सांगता येते. विद्या संपादन करण्याची क्रियाही याच निर्णयाशी बांधलेली असते. कारण आपल्या प्रयत्नाचा उपयोग नाही असे ज्याच्या मनाने एकदा धरले, तो खिन्न तर होतोच, पण समोर उघडे असलेले पुस्तकही त्याच्या डोक्यात शिरेनासे होते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण, दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यापुढे त्या प्रयोगांचे सार आणि त्यांतून निघणारा व्यवहार ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. मुक्या जनावरांना दिलेल्या त्या यातनांचे वर्णन वाचतानाही मन विटते आणि त्यांचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही. पण त्या प्रयोगाची रचना समजून घेतल्यावाचून पुढचा विचार करता येत नाही. कुत्र्यांच्या जोड्या लावून दोघांनाही विजेचे सारखेच धक्के, सारखाच वेळ, देण्यात येत. फरक एवढाच की जोडीतल्या एकाला डोक्याजवळची फळी दाबून धक्का थांबवता येई, तर दुसऱ्याने काहीही केले तरी त्याचा धक्का, पहिल्याने फळी दाबल्यावरच थांबे. तिसऱ्या गटाला धक्के मुळीच नव्हते. दुसऱ्या दिवशी या सर्वांना अशा पेटीत ठेवले की मधला बुटका आडपडदा ओलांडून पलीकडे उडी मारली म्हणजे सुटका व्हावी. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्री ते लवकरच शिकली; ज्यांच्या कृतीला आदल्या दिवशी काहीच मोल नव्हते त्या आठांपैकी सहा कुत्र्यांना मात्र, सुटकेचा मार्ग समोर असूनही, तो शिकता आला नाही. दोन्ही गटांच्या वाट्याला वेदना तेवढीच आली होती. ती थांबवण्याचा अधिकार तेवढा एकाकडे होता आणि दुसऱ्याकडे नव्हता.

हा प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतो. त्याची पुढची हकीकत तितकी ठाऊक नसते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. त्या कुत्र्यांनी असहायता शिकून घेतली, असा निष्कर्ष त्या वेळी काढण्यात आला होता आणि जवळजवळ पन्नास वर्षे तो प्रमाण मानला गेला. मेंदूच्या अंतर्गत व्यापाराचा अभ्यास करण्याची साधने मधल्या काळात हाती आल्यावर २०१६ साली याच दोघांनी लेख लिहून आपले प्रमेय स्वतःच उलटे केले. दीर्घकाळ चाललेल्या क्लेशापुढे निश्चेष्ट होणे ही मेंदूची मूळचीच प्रवृत्ती आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते नियंत्रण, असे त्यांनी मांडले. आपण केलेल्या कृतीने परिणाम घडला असे प्राण्याच्या प्रत्ययास आले म्हणजे कपाळामागे असलेला मेंदूचा अग्रभाग त्याची नोंद घेतो आणि मेंदूच्या बुंध्यातील, सेरोटोनिन हे द्रव्य स्रवणाऱ्या ज्या केंद्रामुळे ही निश्चेष्टता येते, त्याला आवर घालतो. ज्या प्राण्याला आधी एकदा असा प्रत्यय आला आहे, तो पुढे खरोखरच अनावर प्रसंगात सापडला तरी सहसा कोलमडत नाही.

यावरून विद्यार्थ्याने आणि पालकाने पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन यादीबाहेर राहिलेला तरुण अंथरुणातून उठेनासा झाला, तर ते त्याच्या चारित्र्यातील वैगुण्य समजण्याचे कारण नाही. त्याच्या मनातून निराशा उपटून काढण्याच्या खटपटीचाही फारसा उपयोग होत नाही. त्याच्या मेंदूला पुराव्याची उणीव पडलेली असते. आपण काही केले असता काही घडते, याचा ताजा, लहान, पण खरा पुरावा. व्याख्यानांतून दिल्या जाणाऱ्या उत्साहवर्धक घोषणांनी हे काम होत नाही, कारण घोषणा हा पुरावा नव्हे; आणि अशा शब्दांनी चढलेला उत्साह पुढच्याच निकालाच्या दिवशी विद्यार्थ्याला पूर्वीपेक्षा अधिक पोरका करून सोडतो.

मग असा पुरावा रोजच्या अभ्यासात कोठून मिळवायचा, हा प्रश्न येतो. आणि येथे आणखी एका जुन्या वादाचा उपयोग होतो. १९५८ च्या सुमारास जोसेफ ब्रेडी यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, ज्या माकडावर धक्का टाळण्याची जबाबदारी होती त्याच्याच पोटात व्रण पडले, असे आढळले होते, आणि त्यावरून अधिकाराची जागा म्हणजेच रोगाचे घर, अशी समजूत बराच काळ रूढ झाली. ब्रेडी यांनी जबाबदारीच्या जागी मुद्दाम ती माकडे बसवली होती जी आधीपासूनच अधिक वेगाने कळ दाबीत असत, ही त्या प्रयोगातील उणीव पुढे ध्यानात आली. जे एम. वाइस यांनी उंदरांची निवड कोणताही पक्षपात न करता केली, तेव्हा नियंत्रण असलेल्यांना व्रण कमी झाले. वाइस तेवढ्यावर थांबले नाहीत. प्राणी किती वेळा धडपड करतो आणि ती धडपड सफल झाल्याची खबर त्याला किती स्पष्ट मिळते, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. धडपड पुष्कळ आणि खबर काहीच नाही, ही स्थिती सर्वांत घातक ठरली; खबर स्पष्ट मिळू लागली की तेवढीच धडपड करूनही शरीर सुरक्षित राहिले.

अभ्यासिकेतील दिनक्रमाकडे या दृष्टीने पाहावे. सकाळी सातला येऊन बसावे, रात्री दहाला उठावे, लक्ष्मीकांतांचे राज्यव्यवस्थेचे पुस्तक चौथ्यांदा वाचून काढावे, निरनिराळ्या रंगांनी ओळी अधोरेखित कराव्यात, आणि दिवसाचा हिशेब ‘आज चौदा तास झाले’ अशा शब्दांत मांडावा, ही तेथील सर्वमान्य वहिवाट. तास हे धडपडीचे माप झाले. त्यांतून आत काय उतरले याची खबर त्यांत कोठेच नाही, आणि ती एकदम वर्षाकाठी, निकालाच्या यादीतून मिळते. असंख्य प्रयत्न आणि एकच उशिरा आलेले उत्तर, ही वाइस यांच्या सर्वांत दुर्दैवी उंदराची स्थिती आपण आपल्या हाताने निर्माण करतो, असे म्हणणे कठोर वाटेल, परंतु मला ते खरे वाटते.

यावरचा उपाय मानसिक आरोग्यासाठी जसा हितावह आहे तसाच विद्येसाठीही आहे, हा केवढा सुयोग! सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा पुनःपुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो एकदा वाचून नंतर तीन वेळा, न पाहता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपल्याला पुष्कळ आठवेल असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पुनर्वाचनाने विषय ओळखीचा होतो, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजून बसतो.

म्हणून पंचायत राज्याचे प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा, आणि बलवंतराय मेहता समिती १९५७ साली कशासाठी नेमली गेली, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात कोणती रचना अस्तित्वात आली, ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांपैकी किती सांगता येतात, हे लिहून काढावे. मग पुस्तक उघडून स्वतःच तपासावे. प्रथम हे फार अप्रिय वाटते, कारण कागद रिकामा राहतो. तरीही ते सोडू नये. काल २९ पैकी नऊ आठवले आणि आज पंधरा आठवले, ही खबर कोणत्याही आयोगाच्या निकालाची वाट न पाहता, त्याच संध्याकाळी, स्वतःच्या हस्ताक्षरात मिळते. दिवसाचा हिशेब तासांत न मांडता ‘आज न पाहता काय सांगता आले’ या शब्दांत मांडावा.

सराव चाचणीचे गुण आल्यावर मनात जो निवाडा होतो, त्याकडेही असेच लक्ष पुरवावे लागते. कॅरोल ड्वेक यांनी १९७५ साली, गणितात जरा अपयश येताच हातपाय गाळणाऱ्या बारा मुलांचे दोन गट केले. एका गटाला काही काळ केवळ जमतील अशीच उदाहरणे देऊन यशाची सवय लावली; दुसऱ्याला मधूनमधून अपयश येऊ दिले, आणि ते बुद्धीच्या अभावामुळे आले नसून प्रयत्न अपुरा पडल्यामुळे आले, असे पाहण्यास शिकवले. पुढे अवघड उदाहरणांशी गाठ पडल्यावर पहिला गट पूर्वीसारखाच खचला, दुसरा टिकून राहिला. मुलाला अपयशाचे वारेही लागू नये म्हणून जपणाऱ्या पालकांनी या निष्कर्षावर अवश्य विचार करावा.

येथे एक भेद करणे मला आवश्यक वाटते. आधीच दिवसाचे चौदा तास बसणाऱ्या तरुणाला ‘तुझे प्रयत्न कमी पडले’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे, आणि बहुधा असत्यही. त्याला कारण शोधायचे आहे ते पद्धतीत. त्यासाठी चुकांची स्वतंत्र वही ठेवावी आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: हे वाचलेच नव्हते, वाचले होते, पण आठवले नाही, आठवले, पण ‘अयोग्य विधान ओळखा’ यातील ‘अयोग्य’ हा शब्द नजरेतून सुटला, किंवा खात्री नसताना ठोकून दिले आणि गुण कापले गेले. महिन्याभराने ही वही चाळली म्हणजे ‘मला जमत नाही’ या एका अवाढव्य वाक्याचे चार-पाच लहान आणि दुरुस्त करता येण्याजोगे मामले होतात. प्रश्नातील शब्द सुटत असेल तर त्याखाली रेघ मारण्याची सवय लावता येते. बुद्धीच कमी आहे, या निवाड्यावर कोणते अपील करणार?

इतके सांगून झाल्यावर, सर्व काही आपल्या हातात आहे असे जे आजकाल सर्रास सांगितले जाते, त्याविषयी मात्र वाचकाला सावध केले पाहिजे. परीक्षेची तारीख, निघणाऱ्या जागांची संख्या, कट-ऑफ, नेमणुकीला होणारा विलंब, यांपैकी काहीही विद्यार्थ्याच्या ताब्यात नाही. काहीशे जागांसाठी लाखो अर्ज येतात तेथे योग्य उमेदवारांपैकीही बहुतेकांची निवड होणार नाही, हे साधे अंकगणित आहे, आणि त्या अंकगणिताचा दोष विद्यार्थ्याच्या विचारसरणीवर ढकलणे हा अन्याय आहे. लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांची १९८५ पासून पाहणी करणाऱ्या संशोधकांना, ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा अंमल कमी होता त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. आणि तो अंमल त्यांच्या मनाने नव्हे, त्यांच्या हुद्द्याने ठरवला होता. वेळापत्रक आधी जाहीर करून ते पाळणे ही म्हणूनच कारभाराची सोय तर आहेच, पण ती लाखो तरुणांच्या प्रकृतीशी निगडित अशी जबाबदारीही आहे.

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले: परिस्थिती बदलण्याजोगी असेल तेथे ती बदलण्याचा, आणि नसेल तेथे तिच्यामुळे उसळलेल्या भावनेची निगा राखण्याचा. परीक्षार्थीची कुचंबणा बहुधा या दोहोंची अदलाबदल झाल्याने होते. जाहिरात कधी येणार याविषयीच्या अफवा मोबाइलवर दिवसातून वीस वेळा तपासण्यात तो शक्ती खर्च करतो, आणि रोजचा अर्थशास्त्राचा पाठ ‘मन लागत नाही’ म्हणून नशिबावर सोडतो. आयोगाचे अधिकृत संकेतस्थळ दिवसातून एकदा, ठरावीक वेळी पाहावे आणि त्यानंतर तो विषय बंद करावा.

न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी केलेल्या एका प्रयोगाचा मला येथे फार उपयोग वाटतो. कर्कश, अनियमित आवाज चालू असताना लोकांना काम करायला लावले. काहींजवळ एक कळ देऊन सांगितले की असह्य झाल्यास ती दाबून आवाज बंद करता येईल, परंतु शक्यतो दाबू नये. बहुतेकांनी ती दाबली नाही. तरीही, कळ जवळ असलेल्यांनी नंतर दिलेली अवघड कोडी अधिक चिकाटीने सोडवण्याचा प्रयत्न केला आणि मुद्रिते तपासताना चुका कमी केल्या. थांबण्याचा अधिकार आपल्याजवळ आहे, या नुसत्या जाणिवेने सहनशक्ती वाढली. स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत ही कळ म्हणजे स्वतः ठरवलेली मुदत होय, असे माझे मत आहे. किती वर्षे द्यायची आणि त्यानंतर कोणता व्यवसाय पत्करायचा, हे तयारीच्या आरंभीच, डोके शांत असताना, घरातल्यांशी बोलून लिहून ठेवावे, आणि त्या दुसऱ्या मार्गाचे एखादे प्रमाणपत्र, एखादे कौशल्य मधल्या काळात हाताखालून जाऊ द्यावे. पर्याय ठेवल्याने निष्ठा ढळते, ही क्लासमधून ऐकू येणारी शिकवण मला घातक वाटते. ज्याला परतीची वाट नाही, तो प्रत्येक प्रश्नपत्रिकेपुढे सर्वस्व पणाला लावून बसतो, आणि अशा बसण्याने हात थरथरतात.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे मराठी वाचकांना परिचित झालेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा रोख नेमका याच ठिकाणी आहे. निवड व्हावी ही इच्छा सर्वस्वी निरोगी आहे. निवड झालीच पाहिजे, न झाल्यास मी कवडीमोल, हा हट्ट मात्र ताब्याबाहेरच्या मुलखावर मालकी सांगतो. आपल्या मनातील अशी वाक्ये कागदावर उतरवावी आणि प्रत्येकाला पुरावा विचारावा.

परीक्षेच्या सकाळी छाती धडधडणे हे अपशकुनाचे चिन्ह नव्हे. जेरेमी जेमिसन यांच्या २०१० मधील अभ्यासात, अशी उत्तेजना कामगिरीला साहाय्य करू शकते, एवढेच ज्यांना आधी सांगण्यात आले होते त्यांनी गणिताच्या भागात इतरांपेक्षा अधिक गुण मिळवले. ज्यांना परीक्षेची फार धास्ती वाटते त्यांनी केंद्रावर जाण्यापूर्वी दहा मिनिटे, मनातली भीती जशीच्या तशी, कोणाला न दाखवण्याच्या बोलीवर, लिहून काढून पाहावी. शिकागो विद्यापीठात २०११ साली असे केल्याने भित्र्या विद्यार्थ्यांना लाभ झाल्याचे आढळले होते.

आता पालकांसाठी. ‘किती तास बसलास?’ आणि ‘किती पडले?’ हे दोन प्रश्न काही महिने तरी बाजूला ठेवावेत. कोणता विषय आधी घ्यायचा, कोठे बसायचे, सुट्टी केव्हा, हे लहानसहान निर्णय मुलाला स्वतः घेऊ द्यावेत आणि चुकले तरी ते निस्तरू द्यावेत. मूल मुळीच हालेनासे झाले असेल, तर सेलिगमन यांच्या प्रयोगाचा उत्तरार्ध आठवावा: निश्चेष्ट झालेल्या कुत्र्यांना बोलावून, खाण्याचे आमिष दाखवून उपयोग झाला नाही; त्यांना दोरीने धरून आडपडद्यापलीकडे पुनःपुन्हा न्यावे लागले, प्रत्येक वेळी जोर कमी लागत गेला, आणि अखेर ती आपण होऊन उडी मारू लागली. घरातल्या माणसाने किंवा मित्राने उपदेश न करता शेजारी बसावे, पाचच प्रश्न एकत्र सोडवावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा यावे. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, माणसे नकोशी झाली असतील, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा एकदाही तोंडून निघाली असेल, तर अभ्यासाचा विषय तेथेच थांबवून मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे, तेथे मराठीतून बोलता येते, आणि फोन विद्यार्थ्यानेच केला पाहिजे असे नाही. आई-वडील किंवा खोलीतला सोबतीही तो करू शकतो.